ब्रिटिश घराण्याचा माग काढताना या चुका टाळा

ऑनलाइन एखादी तयार वंशावळ हाती लागली की ती जशीच्या तशी उचलायचा मोह होतो. पाच जणांच्या वंशावळीत एकच तारीख आहे म्हणजे ती पाचदा तपासली गेली, असं मुळीच नसतं. बहुतेकदा एकाने अंदाजाने टाकलेली असते आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलेली. ब्रिटनमध्ये जुन्या नोंदी भरपूर आहेत, आणि त्यामुळेच भलताच विल्यम स्मिथ आपला पणजोबा म्हणून गळ्यात पडतो.

म्हणून कुठलाही कागद हाती आला की आधी विचारा: हे सांगितलं कुणी, आणि लिहिलं कुणी?

जन्मदाखल्यावरची तारीख बहुधा आईने किंवा बापाने थोड्याच आठवड्यांत सांगितलेली असते, तिच्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. मृत्यूदाखल्यावरचं वय मात्र जावयाने, शेजारणीने, कधी इस्पितळातल्या कारकुनाने सांगितलेलं असतं. त्यावरून जन्मवर्ष पक्कं धरू नका, पाचेक वर्षं मागेपुढे शोधा. जनगणनेचं तर विचारूच नका. दहा वर्षांत फक्त सातच वर्षांनी वाढलेल्या बायका त्या वह्यांमध्ये जागोजागी भेटतात! शिवाय १८४१ ते १९०१ पर्यंत आपल्याला दिसते ती घरातल्या माणसाने भरलेली मूळ पत्रिका नाही, तर प्रगणकाने आपल्या वहीत केलेली नक्कल. वेबसाइटवर टंकलेला मजकूर म्हणजे त्या नकलेचीही नक्कल. पानाचं चित्र उघडून स्वतः अक्षर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरच्यांच्या हातची पत्रिका पहिल्यांदा मिळते ती १९११ची. तिच्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली आणि त्यांतली किती गेली, हेही विचारलेलं आहे.

गेलेल्या मुलांचा तो आकडा सोन्यासारखा जपा. कारण सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती. तुम्हाला १८६२चा थॉमस सापडतो, आईबाप जुळतात, तुम्ही खूश. पण तो दीड वर्षाचा असतानाच गेलेला असतो आणि तुमचा थॉमस १८६५चा असतो. जन्म सापडला की लगेच पुढच्या काही वर्षांतले त्याच नावाचे बालमृत्यू तपासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळी शाखा उपटून पुन्हा लावण्यापेक्षा परवडतं.

१८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायच्या सूचना होत्या. त्यामुळे ३५ लिहिलेला माणूस ३९चाही असू शकतो. त्यात नातीही लिहिलेली नाहीत. एका छपराखालचे सगळे मुलगे-मुली समजून घेतलेत तर भाचे, नोकर आणि भाडेकरूही घराण्यात शिरतील. नाती आणि जन्मगाव १८५१ पासून मिळतं. तिथेही एक खोड आहे: 'सन इन लॉ' म्हणून लिहिलेला दहा वर्षांचा पोरगा जावई नसतो, तो सावत्र मुलगा असतो.

जन्मदाखला सापडतच नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. इंग्लंड-वेल्सची नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली, पण नोंद न केल्यास पालकांना दंड होऊ लागला तो १८७५ पासून. आधीच्या काही जन्मांची नोंद झालीच नाही, अशा वेळी पॅरिशच्या, म्हणजे गावातल्या चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा शोधा. बाकीच्यांच्या बाबतीत दोष तिमाहीचा असतो. जन्मांची सूची तीन-तीन महिन्यांच्या गटांत, जन्माच्या नाही, नोंदणीच्या तारखेने लावलेली आहे आणि मुदत ४२ दिवसांची होती. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल बऱ्याचदा पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत (जानेवारी ते मार्च) सापडतं. नोंदणी जिल्हा म्हणजे गाव नव्हे, हेही ध्यानात ठेवा. एव्हर्टन लिव्हरपूलमध्ये म्हणून लिव्हरपूलच्या यादीत शोधत बसाल आणि नोंद असेल वेस्ट डर्बी जिल्ह्यात. या नोंदी सांभाळणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव सुरुवातीपासून दिलंय. जुन्या छापील सूचीत ते १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. दाखल्याचे पैसे भरण्याआधी ते पडताळून घ्या.

स्कॉटलंड आणि आयर्लंडला इंग्लंडचे नियम लावू नका. स्कॉटलंडची नोंदणी १८५५ची, पण तिथल्या मृत्यूदाखल्यावर आईबापांची नावं असतात, इंग्लंडमध्ये मोठ्या माणसाच्या दाखल्यावर ती नसतात. आयर्लंड ब्रिटिश राजवटीत असतानाच्या संपूर्ण जनगणना १९०१ आणि १९११च्याच उरल्यात आणि त्या फुकट पाहता येतात.

जनगणनेत माणूस गायब असेल तर आडनाव काढून टाका. फक्त पहिलं नाव, वय आणि जन्मगाव द्या, किंवा घरातल्या विचित्र नावाच्या भावंडाला शोधा. मेरीची पॉली होते आणि उच्चारात 'ह' गळला की हॅनाची अ‍ॅना. १९११ला एखादी बाई दिसत नसेल तर बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीने जनगणनेच्या रात्री टाकलेला बहिष्कारही आठवा. त्या चळवळीतली एमिली डेव्हिसन तर संसदेच्या तळघरातल्या कपाटात लपली होती, आणि तिची नोंद तिथेही झाली. १९३१ची शोधू नका, इंग्लंड-वेल्सची ती जनगणना १९४२च्या आगीत जळाली. १९४१ची झालीच नाही. मधली पोकळी १९३९च्या रजिस्टरने, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला केलेल्या नागरिकांच्या नोंदणीने, भरते. ते पुढे आरोग्यसेवेने वापरल्यामुळे कित्येक बायकांच्या माहेरच्या आडनावावर नंतरचं सासरचं आडनाव लिहिलेलं सापडतं.

आणि जन्मस्थान म्हणून 'ईस्ट इंडीज' किंवा 'बॉम्बे' दिसलं तर ब्रिटनच्या सूचीत फार डोकं फोडू नका. खडकी, पुणे, अहमदनगर, देवळाली इथल्या छावण्यांमधल्या गोऱ्या सैनिकांच्या पोरांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं चर्चच्या वह्यांत आहेत. त्यांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात, आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या इलाख्याप्रमाणे लावलेल्या आहेत, जिल्ह्याप्रमाणे नाहीत. कामठीची छावणी मद्रासच्या फौजेकडे होती, त्यामुळे तिथला माणूस मुंबईच्या वह्यांत नसला तर मद्रासच्या उघडा. भारतातल्या जनगणनेच्या घरोघरच्या पत्रिका मात्र जपल्याच गेल्या नाहीत, तो शोध सोडून द्या.