सायक्लोनचं स्पेलिंग आणि माझी पहिली मोठी चूक

जळगावात ट्रेडमार्कचं काम करायला लागून मला सात वर्षं झाली. दर उन्हाळ्यात निकाल लागले की बी.कॉम., एलएल.बी. झालेली चार-दोन मुलं-मुली भेटायला येतात, कुणी अमळनेरहून, कुणी शिरपूरहून. ट्रेडमार्क नोंदणीच्या अर्जाचा टीएम-ए फॉर्म कसा भरायचा, माल-सेवांच्या 45 वर्गांतला आपला कोणता, हे त्यांना येत असतं. ते मी परत शिकवत नाही. मी त्यांना एका अमेरिकन पिकअपची गोष्ट सांगतो. ती मला अर्धवट समजली होती आणि त्यापायी एका भल्या माणसाचं नुकसान झालं.

1991 साली जीएमसी या अमेरिकन कंपनीने आपल्या सोनोमा या छोट्या पिकअपवरून एक खास गाडी काढली. 4.3 लिटरचं व्ही-6 इंजिन, त्याला टर्बो, 280 अश्वशक्ती, ताकद चारही चाकांना. त्या वर्षी अशा फक्त 2,995 गाड्या तयार झाल्या. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने तिला फेरारी 348 च्या शेजारी उभं केलं आणि पाव मैलाच्या धावेत पिकअप पुढे निघाली. माल मात्र 500 पौंडच, म्हणजे सव्वादोनशे किलो. रावेरकडच्या केळीचे दहा-बारा घड टाकले की गाडी भरली!

एवढ्या वेगाच्या गाडीला नाव हवं होतं सायक्लोन, म्हणजे चक्रीवादळ. पण ते नाव फोर्ड कंपनीच्या मर्क्युरी या ब्रँडकडे आधीपासून होतं. मर्क्युरीने 1964 ते 1971 पर्यंत त्या नावाने गाड्या विकल्या होत्या. म्हणून जीएमसीने पहिलं अक्षर बदललं. ‘सी’ काढला, ‘एस’ लावला, Cyclone चं Syclone झालं, उच्चार तोच राहिला. सोनोमा आधी एस-15 नावाने विकली जायची, त्यामुळे तो ‘एस’ त्या घराण्यात शोभूनही दिसला. पुढे त्याच धाटणीची, पण मागे उघडा हौदा नसलेली एसयूव्ही आली ती टायफून. तिचं स्पेलिंग मात्र शब्दकोशातलंच.

ही गोष्ट मला कामाच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठांनी चहा पिता पिता सांगितली होती. मी तिच्यातून एवढंच उचललं की नाव अडलं तर स्पेलिंग फिरवायचं.

काही महिन्यांनी एमआयडीसीतले एक ट्रॅक्टर-ट्रॉली बनवणारे दादा आले. त्यांना ट्रॉलीला नाव घ्यायचं होतं. खरं नाव सांगत नाही, समजा ‘वादळ’. मी शोध घेतला. वाहनांच्या 12 व्या वर्गात, ट्रॉलीसाठीच, ते नाव आधी कुणीतरी घेतलेलं होतं. दादांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, “दादा, काळजी नको. इंग्रजीत एक ‘ए’ वाढवू, शेवटी डबल ‘एल’ करू. अमेरिकेत मोठ्या कंपनीने असंच केलंय.” त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. वैयक्तिक अर्जाची 4,500 रुपये फी भरली. अर्जाचा नंबर मिळाला त्याच आठवड्यात त्यांनी पेंटरला बोलावून अकरा ट्रॉल्यांच्या फाळक्यांवर पिवळ्या रंगात नाव लिहून घेतलं. थांबा, असं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला तो ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 11 खाली, आधीच्या सारख्या नावाचा हवाला देऊन आक्षेप घेणारा. उत्तराला एक महिना असतो. मी तीन पानं लिहिली, दोन नावांत कोणतं अक्षर कुठे वेगळं आहे ते सगळं. सुनावणीत अधिकाऱ्यांनी ती पानं उघडलीही नाहीत. शांतपणे म्हणाले, “तुमचं नाव मोठ्याने म्हणा.” मी म्हटलं. “आता आधीच्या अर्जदाराचं म्हणा.” माझ्या तोंडून तोच शब्द दुसऱ्यांदा निघाला आणि पुढे बोलायला काही उरलं नाही.

नव्यांनो, इथे जरा थांबा, कारण मी बाकी सगळं नीट करून इथेच पडलो. सायक्लोनची दोन्ही स्पेलिंगं देवनागरीत लिहून पाहा. दोन्ही वेळा ‘सायक्लोन’च लिहिलं जातं. कागदावर दिसणारा फरक आपल्या लिपीत आला की पुसला जातो. आपला गिऱ्हाईक ट्रॉलीवरची इंग्रजी अक्षरं मोजत बसत नाही, तो शेजाऱ्याला नाव तोंडी सांगतो. तेही त्याच्या बोलीत. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, शाळेची शाया, डोळ्याचा डोया. ‘वादळ’ इथल्या कितीतरी तोंडांत ‘वादय’ होणार. म्हणून ‘य’ असलेलं एखादं नाव संगणकाला वेगळं वाटेल, पण धरणगावच्या बाजारात ते तेच ठरेल. ट्रेडमार्कच्या पोर्टलवर वर्डमार्क शोध आहे, म्हणजे अक्षरांवरून, आणि फोनेटिक शोध आहे, म्हणजे उच्चारावरून. दोन्ही वापराच. पण फोनेटिक शोधाला अहिराणी किंवा लेवा बोलीचा कान नाही, तो तुम्हालाच लावावा लागतो. अर्थही तपासा. ‘वादळ’ अडलं म्हणून कुणी ‘तुफान’ सुचवलं, तर त्याचाही वेगळा शोध घ्या.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही औषधांची नावं आली होती. न्यायालयाने पाहिलं ते साध्या गिऱ्हाइकाकडे. त्याची आठवण अपुरी असते आणि तो नावाचे तुकडे पाडून अर्थ लावत नाही. त्या कानाला ही दोन नावं सारखीच वाटतील, असं ठरलं. ‘अमृत’ आणि ‘लक्ष्मण’ एवढे वेगळे असून! मग माझ्या एका ‘ए’ची काय कथा? हा निकाल सुरुवातीलाच पूर्ण वाचा, सारांशावर भागवू नका.

आणि जीएमसीचं उदाहरण गिऱ्हाइकाला कधीच देऊ नका. तिथे कायदा अमेरिकेचा, कंपन्या दोन्ही अवाढव्य, आणि मर्क्युरीने त्या नावाची गाडी विकणं थांबवून वीस वर्षं झालेली. त्यातलं एकही आपल्या ट्रॉलीवाल्याला लागू नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. ‘हजार रुपयांत ट्रेडमार्क, शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणाऱ्यांकडे काम शिकायला जाऊ नका. तिथे फक्त अर्ज टाकायला शिकवतात. गुरू निवडायचा तर असा निवडा, जो तुम्हाला फेटाळल्या गेलेल्या फाइली वाचायला देईल. मंजूर झालेल्या फाइलीतून मी फारसं काही शिकलो नाही. माझ्या त्या वरिष्ठांवर माझा राग नाही, गोष्ट त्यांनी खरीच सांगितली होती. पुढे काय विचारायचं ते मला कळलं नाही.

वापराच्या तारखेबद्दलही थोडं, म्हणजे नाव कधीपासून वापरतो ते अर्जात लिहायचं असतं त्याबद्दल. गिऱ्हाईक म्हणतो, “टाका ना भाऊ, दहा वर्षांपासून वापरतोय.” बिलं नसतील तर टाकू नका. शपथपत्र त्याच्या सहीचं असलं तरी पुढे तोंड तुम्हाला द्यावं लागतं.

तरी घाबरून जाऊ नका. आक्षेप येणं म्हणजे काम बिघडलं असं नाही, चांगल्या अर्जांवरही येतात. पहिले दोन-तीन अहवाल पाहून मला रात्री झोप लागायची नाही, छातीत धडधडायचं. आता अहवाल आला की मी आधी हवाल्यातलं नाव मोठ्याने वाचतो, दोनदा, आणि मगच उत्तराला हात घालतो. तुम्हालाही जमेल. गावाकडून आलो, इंग्रजी कच्चं आहे, असं मनात आणू नका. या कामात बोलीचा कान हेच मोठं भांडवल आहे, आणि ते तुमच्याकडे घरूनच आलेलं आहे.

दादांकडे मी स्वतः गेलो. चूक माझी, असं स्पष्ट सांगितलं, नव्या अर्जाची फी मी भरली. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पेंटर एका फाळक्यावरचं पिवळं नाव पॉलिश पेपरने घासत होता, खाली उतरलेल्या रंगाची पूड साचली होती. नवीन नाव दादांनीच सुचवलं. मी ते वहीत देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वही त्यांच्या वर्कशॉपमधल्या पोराला दिली. म्हटलं, गेटपाशी जा आणि तिथून ओरडून वाच. आत ग्राइंडर चालूच होता. दादांनी कानावर हात धरून ऐकलं, परत एकदा वाचायला सांगितलं, आणि मग मी पोर्टल उघडलं.