वायपर बंदच होत नाहीत?

स्टीअरिंगजवळचा वायपरचा दांडा ऑफवर असूनही वायपर चालूच राहिले, तर हाताने पाती अडवू नका, आतल्या मोटरचे गिअर तुटतात. आधी दांडा ऑटोवर तर नाही ना, ते पाहा. काही गाड्यांत काचेवर चिखल असला तरी पावसाचा सेन्सर फसतो.

मग वेग बघा. ऑफवर वायपर हळू चालत असतील, तर संशय मोटरमधल्या पार्क स्विचवर. पाती खाली आल्यावर मोटर थांबवणारा हाच तो भाग, आणि पावसाळ्यात पाणी शिरून तो गंजतो. वायपर जोरात चालत असतील, तर दोष बहुधा स्टीअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये (म्हणजे दांड्याच्याच स्विचमध्ये) किंवा रिलेमध्ये, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीसारख्या स्विचमध्ये. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल (पुष्कळदा हॉर्नचा असतो), तर इग्निशन बंद करून अदलाबदल करून बघा. वायपर थांबले, तर नवा रिले टाकायचा, मोटर खोलायची गरजच नाही.

गॅरेज लांब असेल आणि आकाश कोरडं असेल, तर पाती खाली येताच इग्निशन बंद करून वायपरचा फ्यूज काढा. कोरड्या काचेवर रबर घासून काचेवर ओरखडे पडतात. पाऊस सुरू असेल, तर मात्र फ्यूजला हात लावू नका.