रस्ता आणि ट्रॅक, दोन्हींसाठी एलएसडी निवडताना

गोव्यात कायमचा रेस ट्रॅक नसल्यामुळे ट्रॅकची आवड असलेल्या आपल्याकडच्या माणसाची गाडी वर्षभर म्हापशाच्या बाजारात, चोर्ल्याच्या घाटात आणि चार महिने ओल्या रस्त्यांवर धावते. कोईंबतूर किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक तिच्या वाट्याला मोजकेच दिवस येतो. डिफरन्शिअल म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरसंच; एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला जोर देत राहणारा तो लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल, म्हणजेच एलएसडी. तो निवडताना हा हिशेब आधी मांडावा.

वळणावर आतल्या चाकावरचा भार हलका होतो. साधा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत असल्याने आतले चाक जेवढा पेलते तेवढाच बाहेरच्या चाकाला मिळतो, आणि त्याहून जास्त ॲक्सिलरेटर दिल्यास आतले चाक नुसते गरगरते. हेलिकल (तिरप्या दातांच्या) गिअरच्या एलएसडीचे टॉर्क गुणोत्तर 2.5 असेल आणि आतले चाक 20 एकक पेलत असेल, तर बाहेरच्या चाकाला 50 एककांपर्यंत मिळतात, म्हणजे एकूण 40 ऐवजी 70. मात्र आतले चाक जमीन सोडून उचलले गेले, तर शून्याची अडीचपट शून्यच राहते.

घर्षणाच्या प्लेटी वापरणाऱ्या, म्हणजे प्लेटच्या एलएसडीत प्रीलोड (प्लेटींवर आधीपासून असलेला दाब) असल्यामुळे ही अडचण येत नाही, पण पार्किंगमध्ये वळताना तो कटकट आवाज करतो, प्लेटी झिजतात आणि त्याला खास ऑइल लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचे ऑइल सामाईक असते, त्यामुळे प्लेटींची झीज सगळ्या गिअरबॉक्सभर फिरते, हे मला फार खटकते. म्हणून अशा गाडीसाठी माझे मत निःसंशय हेलिकलच्या बाजूने आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि ट्रॅकवर जास्त जाणाऱ्या गाडीला प्लेटचा 1.5-वे (ॲक्सिलरेटर सोडल्यावर अर्धवटच लॉक होणारा) चालेल; 2-वे मात्र ॲक्सिलरेटर सोडल्यावरही पूर्ण जोराने लॉक होतो आणि सावकाश वळणात गाडीला सरळ ढकलतो.

जुना प्लेटचा एलएसडी घेताना इंजिनाचा जोर मिळणारी दोन्ही चाके जॅकवर उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक त्याच दिशेने फिरले तर प्रीलोड शाबूत आहे; उलट फिरले तर प्लेटी संपल्या आहेत. हेलिकलला ही परीक्षा लागू पडत नाही.

काम उघडलेच आहे तर बेअरिंग आणि ऑइल सील नवेच घालावेत. प्लेटचा एलएसडी बसवल्यावर मोकळ्या मैदानात सावकाश इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवून ऑइल बदलावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बोटाला लागणारा राखाडी, मऊ लेप असेल तर काळजी नाही. टोचणारे तुकडे लागले, तर गाडी तिथेच उभी करून डिफरन्शिअल पुन्हा उघडावा.