जुन्या पद्मिनीला पीपीएफ लावण्याआधी
प्रीमियर पद्मिनीला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावायची असेल, तर आधी रंग मूळचा आहे की गॅरेजमध्ये मारलेला, ते बघा. थिकनेस मीटर (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) प्रत्येक पॅनलवर टेकवा. आकडा 300 मायक्रॉनच्या वर गेला की खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असण्याची शक्यता असते. असा रंग पत्र्याला नीट धरलेला नसेल, तर पुढे फिल्म काढताना पापुद्र्यासारखा सोबत निघतो. ते पॅनल सरळ सोडून द्या. ताजा रंग असेल तर किमान महिनाभर थांबा.

या गाडीचं तयार कटिंग सहसा मिळत नाही, त्यामुळे फिल्म गाडीवरच कापतात. ब्लेड रंगावर अजिबात फिरू देऊ नका, नाइफलेस टेप (आतल्या बारीक दोऱ्याने, ब्लेडशिवाय फिल्म कापणारी पट्टी) वापरायला लावा. बॉनेटची पुढची कड आणि चाकांमागचा पत्रा झाकला, तरी उडणाऱ्या खडीपासून पुष्कळ बचाव होतो.