जमीन उकरायच्या आधी जुनी कपाटं उकरा

तुमच्या कंपनीने अमेरिकेत जुना कारखाना घेतलाय आणि आता तिथल्या जमिनीत सॉल्व्हंट (धुवायला, विरघळवायला वापरायचं रसायन) निघालंय, तर लगेच सफाईच्या ठेकेदाराला चेक देऊ नका. सुपरफंड, म्हणजे प्रदूषित जागा साफ करायला लावणारा अमेरिकेचा कायदा, १९८० चा असला तरी तो त्याआधीच्या घाणीलाही लागतो, घाण आधीच्या मालकाने केली तरी आजचा मालक अडकतो. पण त्या काळातल्या मालकाने जनरल लायबिलिटीची (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारी) पॉलिसी बहुधा घेतलेली असणार, आणि ती संपली म्हणून मेली असं नाही. नुकसान ज्या वर्षी होत होतं त्या वर्षीची पॉलिसी लागू होते, क्लेम आज का येईना.

कुठल्या वर्षांचं शोधायचं? १९८६ पासून या पॉलिसींत प्रदूषण सरसकट वगळलं जाऊ लागलं, त्याआधी १९७० पासून पुरवणीने आणि १९७३ पासून पॉलिसीच्या छापील फॉर्ममध्येच 'अचानक आणि अपघाताने' झालेलंच प्रदूषण चालेल अशी अट आली आणि तिचा अर्थ प्रत्येक राज्याचं कोर्ट वेगळा लावतं. म्हणून १९७० च्या आधीचा कागद मिळाला तर सोनं समजा.

मूळ पॉलिसी क्वचितच सापडते. आम्ही खरेदीच्या वेळी आलेली खोकी भिवंडीच्या गोडाऊनमध्ये दोन दिवस उपसली, अर्धी वाळवीने खाल्लेली. शेवटी लेजरच्या एका पानाला गंजक्या टाचणीने लावलेली विमा ब्रोकरची डेबिट नोट (प्रीमियमचं बिल) निघाली, कार्बन कॉपी, पुसट जांभळी अक्षरं, पण पॉलिसी नंबर आणि १९६८ साल नीट वाचता येत होतं. तेवढ्यावरून ब्रोकरच्या जुन्या फायलींपर्यंत पोचलो. त्यामुळे प्रीमियमचे व्हाउचर, ऑडिट रिपोर्ट, बोर्डाचे मिनिट्स, भाडेकरारासोबतची सर्टिफिकेटं, सगळं बघा, हरवलेली पॉलिसी अशा कागदांवरून सिद्ध करता येते. खरेदीचा करारही वाचा, कारण नुसती मालमत्ता घेतली असेल तर पॉलिसीचे हक्क आपोआप येतातच असं नाही.

मग इन्शुरन्स कंपनीला लेखी नोटीस, उशीर न करता. नोटिशीआधी स्वतःहून केलेला खर्च बहुतेक वेळा नाकारतात, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. स्वतःच्या जमिनीचं नुकसान वगळलेलं असतं, पण भूजल बिघडलं असेल तर ते नुसतं स्वतःच्या जमिनीचं नुकसान नाही, हा मुद्दा वकिलाकडून जोरात मांडून घ्या. आणि वकिलाची फीसुद्धा मागा, बचाव करणं हे त्या पॉलिसीत कंपनीचं वेगळं कर्तव्य असतं.

आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किंवा चेंबूरच्या कारखान्यासाठी एवढी आशा धरू नका. १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याची पॉलिसी अपघातात लोकांना तातडीची मदत देण्यासाठी आहे, वर्षानुवर्षं झिरपलेल्या घाणीसाठी नाही. तरी परदेशी मूळ कंपनी असेल तर तिच्या जुन्या पॉलिसीत भारतातलं युनिट धरलंय का ते विचारा. इथल्या जुन्या खासगी विमा कंपनीचा कागद मिळाला तर तो फेकू नका, १९७३ च्या राष्ट्रीयीकरणात १०७ कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या, तेव्हा त्यातल्या कुठल्या कंपनीकडे तो धंदा गेला ते आधी शोधा आणि पत्र तिलाच पाठवा.