ईसीजीवर क्यूटीसी जास्त आलाय? आधी स्वतः चौकोन मोजा

ईसीजीच्या कागदावर वर कोपऱ्यात मशीन बारीक आकडे छापतं, त्यातला क्यूटीसी कोणी बघतच नाही. आमच्याकडेही नाही बघितला, मामेबहीण शाळेची घंटा कानाशी वाजली की धाडकन पडायची आणि दोन वर्षं फिटच्या गोळ्या खात होती.

क्यूटी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांना एका ठोक्यात करंट सोडून परत चार्ज व्हायला लागणारा वेळ, आणि नाडीच्या वेगाप्रमाणे तो दुरुस्त केला की क्यूटीसी. हे चार्जिंग रेंगाळलं आणि मधेच एक ठोका घुसला तर ठोके बेफाम होतात, मेंदूला रक्त जात नाही, माणूस कोसळतो. बऱ्याचदा आपोआप थांबतं, नाही थांबलं तर जीव जातो. हा हार्ट अटॅक नाही, अँजिओग्राफी एकदम क्लीन असली तरी हे होऊ शकतं.

आता मोजायचं कसं. कागद सेकंदाला 25 मिमी स्पीडचा आहे ना ते बघा, मग एक बारीक चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद. लीड टू नाहीतर व्ही फाइव्ह (कागदावर II किंवा V5 लिहिलेली ओळ) घ्या, क्यू म्हणजे उंच टोकाच्या आधीचा बारीक खड्डा सुरू होतो तिथपासून टी म्हणजे टोकानंतरची गोलसर लाट खाली येऊन संपते तिथपर्यंत चौकोन मोजा, समजा 10 आले, म्हणजे 400. वाटतं काय, नॉर्मलच आहे की! पण थांबा, दोन उंच टोकांमधलं अंतर 16 चौकोन असेल तर ते 0.64 सेकंद, त्याचं वर्गमूळ 0.8, आणि 400 भागिले 0.8 म्हणजे 500. हाच क्यूटीसी. पुरुषांत 450, बायकांत 460 च्या वर गेला की जास्त धरतात आणि 500 च्या पुढे खरंच घाई करायची. फक्त नाडी जोरात असेल तर हे बॅझेटचं सूत्र आकडा फुगवतं, त्यामुळे जिना चढून धापा टाकत काढलेला ईसीजी असेल तर शांत पडून परत काढा. मशीन पण टी कुठे संपते ते चुकतं बरं का.

मग गोळ्यांची पिशवी उपडी करा. अझिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल, उलटीसाठीचं ऑन्डान्सेट्रॉन, अ‍ॅसिडिटीच्या गोळीत लपलेलं डॉम्पेरिडोन, मानसिक आजाराची काही औषधं, ही सगळी क्यूटी लांबवतात, आणि त्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरलं असेल तर अजूनच. यादी डॉक्टरांना दाखवा, मनाने काही बंद करू नका. पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम तपासून घ्या.

औषधाचं कारण नसेल तर घराण्यात शोधा. पोहताना, पळताना, दचकल्यावर किंवा झोपेत कोणी तरुणपणी गेलंय का, हे आजीला विचारा, तिला सगळं आठवतं. आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांचा ईसीजी काढायचा, आणि एक नॉर्मल आला म्हणून सुटलो असंही नाही, कधीकधी जीन टेस्ट लागते. उपचार आहेत, प्रोप्रॅनोलॉल, नॅडोलॉलसारखे बीटा ब्लॉकर रोज न चुकता, काहींना छातीत बसवलेलं शॉक देणारं मशीन. बहिणीच्या फिटच्या गोळ्या सुटल्या, आता बीटा ब्लॉकरच्या चालू आहेत, आणि बेडजवळचा अलार्म काढून टाकलाय.

आणि कोणी कोसळून श्वास घेत नसेल तर कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, 108 ला फोन लावा आणि छाती दाबायला लागा.