स्कोअर कसा आला ते बघा: सांगली-मिरजेत न्यूरोसायकॉलॉजीचं काम सुरू करताना

डाग मेंदूत कुठे आहे ते एमआरआय सांगतो. त्या डागामुळे माणसाला नेमकं काय जमेनासं झालंय, हे शोधायचं काम क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्टचं. मिरजेत न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन कोण येतं? अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला तरुण, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले आबा, लहानपणापासून फिट येणारी मुलगी, 'हल्ली फार विसरते' म्हणून आणलेली आजी. चिठ्ठीवर नुसतंच 'टेस्टिंग करा' असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. शंका डिमेन्शियाची आहे की डिप्रेशनची, की ऑपरेशनआधीची नोंद हवी आहे, हे कळल्याशिवाय कोणत्या टेस्ट काढायच्या ते ठरत नाही.

टेस्टच्या आधीची पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची. चष्मा आणलाय का, दोन्ही कानांनी ऐकू येतं का, रात्री झोप झाली का, पहाटेची एसटी धरून उपाशी तर आले नाहीत ना? काल फिट आली असेल तर आज टेस्टिंग नको, पुढची तारीख द्या. गोळ्यांची पिशवी उघडून बघा. टोपिरामेट हे फिटचं औषध चालू असेल तर शब्द सुचायला वेळ लागतो, फेनोबार्बिटोन या फिटच्याच दुसऱ्या औषधाने एकूणच वेग मंदावतो. हे लिहून ठेवलं नाही, तर औषधाचा परिणाम आजाराच्या नावावर जमा होतो. नातेवाइकांना खोलीबाहेर बसवा. लेक शेजारी असली की आईला आठवत नाही ते तिच्या ओठांवर येतंच, आणि तिला दोष देता येत नाही.

शब्दयादीची टेस्ट नीट घ्यायला शिका, निम्मं काम तिथे शिकून होतं. पंधरा शब्द, सेकंदाला एक, सपाट आवाजात वाचायचे आणि असं पाच वेळा. मग दुसरी यादी एकदा, लगेच पहिलीची आठवण, आणि वीस-तीस मिनिटांनी पुन्हा तीच आठवण. (यादीतले शब्द इथे मुद्दाम दिलेले नाहीत. टेस्टमधले प्रश्न बाहेर फुटले की ती टेस्ट बाद होते.) नवखे लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, कविता म्हटल्यासारखं तीन-तीन शब्दांच्या लयीत वाचतात, आणि लयीवर शब्द लक्षात राहतात. दोन, मधल्या वेळात शब्दांचीच दुसरी टेस्ट घेतात, मग दोन्हींतले शब्द एकमेकांत मिसळतात. त्या वेळात आकृत्या किंवा ठोकळे द्या. शेवटी दुसऱ्या शब्दांत मिसळून ओळखायला दिल्यावर शब्द पटापट ओळखले, तर आठवण साठली आहे पण बाहेर काढता येत नाही. ओळखताही आले नाहीत, तर मुळात साठलंच नसावं. अल्झायमरमध्ये बहुधा हे दुसरं चित्र दिसतं. म्हणून नुसती बेरीज लिहून थांबू नका.

आता नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठी निरोगी माणसांचे गुण. आपल्याकडे २००४ची निम्हान्स बॅटरी, म्हणजे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेला टेस्टचा संच, सर्रास वापरतात. तिचे नॉर्म्स १६ ते ६५ वयाचे, लिंग आणि शिक्षणानुसार वेगवेगळे. ७४ वर्षांच्या, शाळा न पाहिलेल्या आजीला ते लावले तर धडधाकट बाईही आजारी ठरेल. तिच्यासाठी निरक्षरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली एचएमएसई (हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही छोटी टेस्ट जास्त जवळची. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायला लावत नाहीत, वीसमधून तीन-तीन करायला लावतात. तारीख सांगता आली नाही पण 'आज एकादशी, माझा उपास आहे' असं बरोबर सांगितलं, तर स्कोअर नियमाप्रमाणेच द्या आणि तिचं उत्तर शब्दशः शेजारी लिहा. कालभान शाबूत असल्याचा तो पुरावा आहे. आणखी एक गोष्ट, पंधराव्या पर्सेंटाइलखाली स्कोअर गेला की बॅटरी त्याला कमतरता म्हणते, पण निरोगी शंभरातले पंधराजणही त्या रेषेखालीच असतात. वीस टेस्टमध्ये दोन-तीन स्कोअर घसरले म्हणजे आजार झाला, असं होत नाही. घसरलेले स्कोअर एकमेकांशी आणि एमआरआयशी जुळतात का ते बघा.

भाषेचा प्रश्न इथे रोजचा आहे. अथणी-चिकोडीकडचे कन्नड बोलणारे पेशंट मिरजेलाच येतात. मुलाला दुभाषी करू नका, तो प्रश्न सोपा करून विचारतो. कन्नड येणारा, आधी सराव दिलेला माणूस घ्या. 'क'वरून शब्द सांगायच्या टेस्टमध्ये का, की, कु चालणार का हे आधीच ठरवा आणि सगळ्यांना तोच नियम लावा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना अक्षरावरून शब्द विचारूच नका, मिनिटभरात प्राण्यांची नावं विचारा.

रिपोर्ट दोन पानांचा पुरे. पहिल्या परिच्छेदात डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर हवं, आणि कारखान्यात मशीनवर परत उभं राहता येईल का, हिशेब सांभाळता येईल का, हे साध्या मराठीत. डोक्याला मार लागलेला पेशंट अजून कधी भानावर, कधी बेभान असेल तर पूर्ण बॅटरी घेऊ नका. सहा महिन्यांनी पुन्हा घ्याल तेव्हा सरावाने वाढलेले गुण सुधारणेत धरू नका.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. न्यूरोसायकॉलॉजीची वेगळी नोंदणी भारतात नाही. पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नाव नोंदवावं लागतं. नुसत्या एम.ए.वर सही करायला जाऊ नका. एम.फिल.चा जुना रस्ता बंद होत असल्याने फी भरण्याआधी आरसीआयची मान्यता यादी स्वतः तपासा. पहिली काही वर्षं मिरज, कऱ्हाड, सातारा असं आठवड्यात वाटून काम करायची तयारी ठेवा.

संशोधनाला इथे भरपूर वाव आहे, कारण गावाकडच्या, कमी शिकलेल्या मराठी माणसांचे नॉर्म्स फार थोडे आहेत. टेस्टचं भाषांतर दोघांकडून वेगवेगळं करून घ्या, तिसऱ्याकडून उलटं भाषांतर करवा, मग पंधरा-वीस जणांवर चालवून बघा. माणसांवर टेस्ट चालवण्याआधीच एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. पेशंटला संमती समजत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची सही घ्या, आणि तरीही पेशंटला स्वतःला विचारा, तो नको म्हणाला तर थांबा. अंगठा घेताना साक्षीदार तुमच्या टीममधला नको.